तेल आधीं कीं सरस आधीं ?

(नभोवाणीवरील भाषण)



क्रिकेटची नवी बॅट घरांत आली म्हणजे तिला जवसाचें तेल पाजावयाचें, हा रिवाज आपणांपैकीं पुष्कळांना ठाऊक असेल. मीं एका शाळेंत पस्तीस वर्षें चित्रकला व हस्तव्यवसाय हे विषय शिकविले. आणि दुसरा कोणी पुढें येईना म्हणून मुलांच्या क्रिकेटचें कामहि माझ्याच गळ्यांत पडलें होतें. दरवर्षीं मोसमाच्या आरंभीं मुलांना ओळीनें बसवून मी बॅटींना तेल लावून घेत असें व एक ताकीद न चुकतां देत असें : "पात्याला लावा, कडांना लावा, पण दांडा पात्यांत पाचरीसारखा जेथें बसविला आहे, त्या सांध्याला तेलाचें बोट लागतां कामा नये. तेथें सरस आहे. तेल सांध्यांत मुरलें तर एखाद्या दिवशीं दांडा तुमच्या हातांत आणि पातें यष्टिरक्षकापाशीं !" मुलें हंसत, आणि मलाहि हें वाक्य पुन्हा पुन्हा म्हणण्यांत गोडी वाटे.

हीच चूक गेल्या वर्षीं माझ्या हातून माझ्याच घरांत घडली. बॅटीच्या बाबतींत नव्हे, गिटारीच्या. तीहि माझी नव्हे, माझ्या नातीची.

माझी नात महाविद्यालयांत शिकते. बाजारांत आयती मिळणारी गिटार विकत घेण्याऐवजीं ती स्वतःच्या हातांनीं करावयाची, असें तिनें एके दिवशीं जाहीर केलें. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें आणि संगीताचें ज्ञान त्याहून बेताचें. परंतु घरांत माझें जुनें सुतारकामाचें मेज होतें, रंधे होते, पटाशा होत्या. तेव्हां जागा व अवजारें माझीं आणि काम तिचें, असा करार ठरला. तो मोडला मीं.

तिनें हातीं घेतली ती स्पॅनिश पद्धतीची, नायलॉनच्या तारांची गिटार. पुढची फळी स्प्रूस नांवाच्या परदेशी सूचिपर्णी वृक्षाची, आणि पाठ व बाजू आपल्याकडच्या शिसवीच्या. ही शिसवी सह्याद्रीच्या रांगांतली. ब्राझीलची शिसवी मिळेनाशी होऊं लागली तेव्हां अमेरिकेंतील मार्टिन ह्या जुन्या गिटारकर्त्या पेढीनें १९६९ च्या अखेरीस भारतीय शिसवीची वाट धरली; पुढें १९९२ सालीं ब्राझीलच्या शिसवीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक निर्बंध आले, आणि आपल्या जंगलांतलें लांकूड जगभरच्या वादकांच्या मांडीवर जाऊन बसलें. आमच्या आजीच्या काळच्या पलंगाचें लांकूड तें हेंच, हें नातीला सांगितल्यावर तिनें पलंगाकडे जरा निराळ्या नजरेनें पाहिलें. पलंग अद्याप शाबूत आहे.

आतां थोडें यंत्राविषयीं सांगितलें पाहिजे, कारण त्याविना पुढची हकीकत समजणार नाहीं. माझें बालपण मिरजेंत गेलें. तेथील सतारमेकरांच्या दुकानांपुढून शाळेला जातां-येतां मीं तंबोरे घडतांना पाहिले आहेत. (त्या मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें.) तंबोऱ्याच्या तारा खुंट्यांपासून निघतात, तबलीवरील घोडीवरून जातात आणि भोपळ्याच्या टोकाशीं तारदानाला अडकविल्या जातात. म्हणजे ताराचा ओढा सोसतें तें तारदान. घोडी केवळ तारांच्या दाबाखालीं उभी असते. तारा सैल केल्या कीं ती हातांत येते. व्हायोलिनचेंहि तसेंच. तेथें घोडीला सरसाची गरज नाहीं.

स्पॅनिश गिटारीची गोष्ट अगदीं उलट. तिच्यांत तारा घोडीलाच बांधलेल्या असतात आणि घोडी तबलीला नुसती चिकटविलेली असते. ना खिळा, ना पाचर. नायलॉनच्या सहा तारांचा ओढा मिळून सुमारें ४० किलो भरतो. पोलादी तारांच्या गिटारीचा सत्तर किलोंच्या घरांत जातो. हा ओढा दिवसरात्र, कोणी वाजवो वा न वाजवो, घोडीला पुढें खेंचीत व तिची मागची कड वर उचलीत असतो. घोडीचा तळ साधारण १९ सेंटिमीटर लांब व ३ सेंटिमीटर रुंद, म्हणजे आपल्या हाताच्या तळव्याहूनहि लहान. एवढ्याशा जागेंतल्या, केसाहून बारीक अशा सरसाच्या थरावर सगळी भिस्त.

बरें, खालची तबली जाड करून भागत नाहीं. ती अडीच मिलिमीटरांच्या आसपासच ठेवावी लागते, कारण वाद्याचा आवाज तिचा असतो. आजच्या स्पॅनिश गिटारीचा जनक म्हणून ज्याचें नांव घेतात तो आंतोनिओ दे तोर्रेस (१८१७–१८९२) मूळचा सुतार. त्यानें १८६२ सालीं एक गिटार अशी केली कीं जिची पाठ व बाजू चक्क पुठ्ठ्याच्या आणि पुढची फळी मात्र उत्तम लांकडाची. आवाज तबलीचा असतो हें त्याला दाखवून द्यावयाचें होतें. तें वाद्य बार्सिलोनाच्या संगीत-संग्रहालयांत आहे. नातीनें त्याचें चित्र मला दाखविलें, तेव्हां त्या माणसाला हस्तव्यवसायाच्या परीक्षेंत पैकीच्या पैकी गुण द्यावे असें मनांत आलें.

लांकूड उघडें ठेवतां येत नाहीं. त्याला कांहीं तरी लेप हवा. स्पॅनिश कारागिरांचा आवडता लेप लाखेचा. आपल्याकडच्या लाखेचा चपडा स्पिरिटमध्यें विरघळवून पुरचुंडीनें शेंकडों वेळां फिरवावयाचा. काम देखणें होतें, पण हात बसलेला लागतो. म्हणून घरच्या घरीं गिटार करणारे पुष्कळ लोक तेल पसंत करतात : जवसाचें, किंवा चीनमधील टंग झाडाच्या बियांचें. फडक्यानें लावावें, जास्तीचें पुसावें, वाळूं द्यावें. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. हें तेल पाण्यासारखें उडून जाऊन वाळत नाहीं. तें हवेंतला प्राणवायू घेऊन स्वतःच घट्ट होत जातें व लांकडाच्या रंध्रांत कायमचें बसतें. खोबरेल किंवा भुईमुगाचें तेल असें घट्ट होत नाहीं, म्हणून तें ह्या कामीं निरुपयोगी. ही क्रिया होत असतां उष्णताहि उत्पन्न होते. म्हणून जवसाच्या तेलाचीं फडकीं चुरगाळून एका ढिगांत टाकूं नयेत. तीं आपोआप पेट घेऊं शकतात. मोकळीं पसरून वाळवावीं, नाहीं तर पाण्यांत भिजवून झांकणाच्या डब्यांत ठेवावीं. घरांत सुतारकाम चालत असेल त्या गृहिणींनीं तरी ही सूचना लिहून ठेवावी. पुरुषमंडळी लिहून ठेवतील असा माझा अनुभव नाहीं.

नातीनें सारें व्यवस्थित योजलें होतें. मान, तिच्यावरची पट्टी, कडांची नक्षी इत्यादि जे जे भाग चिकटवावयाचे ते सर्व तिनें तेलापूर्वींच चिकटविले. राहिली होती फक्त घोडी. ती आधीं बसविली तर तिच्या भोंवतीं तेल नीट पुसतां येत नाहीं. म्हणून तिनें घोडीची जागा मोजून तेवढ्यावर कागदी चिकटपट्टी लावून ठेविली. पट्टीचा आकार घोडीच्या तळाहून चोहोंकडे मिलिमीटरभर आंत. बाकीच्या तबलीला तेलाचे हात झाले.

एके दुपारीं ती महाविद्यालयांत गेली असतां मी त्या गिटारीपाशीं गेलों. ऊन खिडकींतून तबलीवर पडलें होतें. तेलानें ती मधासारखी दिसत होती, आणि मधोमध ती कागदाची पट्टी. मला ती डोळ्यांना खुपली. मीं ती सोलून काढली. खालीं लांकूड पांढरें फटक. शेजारीं तेलाची वाटी, फडकें. मुलांच्या अपुऱ्या चित्रावरून स्वतःचा कुंचला फिरविण्याची खोड मला नोकरींत असल्यापासून होती. तीच हातांत आली. मीं त्या पांढऱ्या जागेवर तेलाचा एक हात फिरविला, पुसला, आणि समाधानानें वामकुक्षीला गेलों.

संध्याकाळीं तिनें विचारलें, "आजोबा, पट्टी तुम्ही काढलीत ?"

मीं म्हटलें, "हो." एवढेंच म्हटलें. लपवावें असा हेतु त्या वेळीं नव्हता. तेल एकदां वाळलें म्हणजे तें लांकूडच झालें, अशी माझी समजूत होती. तिला वाटलें, काम संपल्यामुळें मीं केवळ कागद काढला. दोन आठवडे तेल वाळूं दिल्यावर तिनें घोडी नेहमीच्या पांढऱ्या सुतारी डिंकानें चिकटविली, शिकंजे लावले, तारा चढविल्या. आठ दिवस घरांत गिटार वाजली. नवव्या रात्रीं, दीडच्या सुमारास, फटाका फुटावा तसा आवाज झाला. दिवा लावून पाहतों तों घोडी तारांना लोंबकळत होती.

तळ उलटा करून पाहतांच मला कारण कळलें. सरस जर लांकडाला पक्का धरलेला असेल आणि सांधा तरीहि तुटला, तर लांकडाचे तंतू फाटून घोडीबरोबर येतात. येथें एकहि तंतू आला नव्हता. घोडीच्या तळावर डिंकाची सबंध पापडी होती, कांचेसारखी चकचकीत. तिच्यावर तबलीच्या रेषांचा ठसा उमटलेला. डिंकानें घोडी धरली होती. तबली मात्र त्यानें क्षणभरहि धरली नव्हती. पाण्यांत कालविलेला कोणताहि डिंक लांकडाच्या तंतूंत शिरून मग घट्ट होतो. तंतूंत आधींच तेल बसलेलें असेल तर तो आंत शिरणार कोठून ?

हें कळलें, आणि मीं सांगितलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं ती दिवसभर विचार करीत होती. "शिकंजे लवकर काढले कां मीं ? कीं डिंक जुना होता ?" मी हूं हूं करीत राहिलों. तिसऱ्या दिवशीं सकाळीं मेजावर तिची वही उघडी पडली होती. तींत तिनें आपल्या चुका अनुक्रमें लिहिल्या होत्या : डिंक कमी, शिकंजे अठराच तास, घोडीचा तळ नीट सपाट नसावा. प्रत्येकापुढें प्रश्नचिन्ह. पस्तीस वर्षें मीं मुलांच्या वह्यांतल्या चुका तांबड्या शाईनें दाखविल्या. पण न केलेल्या चुका कोणी आपल्या हातानें मांडून ठेवल्या आहेत, अशी वही प्रथमच पाहत होतों.

चहाच्या वेळीं मीं सांगितलें, "पट्टी मीं काढली तें तुला ठाऊक आहे. तिच्या जागीं मीं तेलहि लावलें होतें."

ती बराच वेळ बोलली नाहीं. मग म्हणाली, "कोणतं तेल ? किती हात ?"

"जवसाचं. एकच."

"मग फार खोल गेलं नसेल," ती म्हणाली, आणि कप खालीं ठेवून उठली. त्या दिवशीं कामापलीकडे तिनें माझ्याशीं एक शब्दहि काढला नाहीं.

पुढचें काम तिनें केलें. मी दिवा धरून होतों. माझी पहिली सूचना कांचकागदानें घासण्याची होती. ती तिनें नाकारली, आणि तिचें बरोबर होतें : कांचकागद तेल काढीत नाहीं, तेलकट भुकटी रंध्रांत दाबून बसवितो. विद्रावकानें नुसतें पुसणेंहि तिला पसंत नव्हतें. पातळ झालेलें तेल त्याच्याबरोबर अधिक खोल उतरण्याची भीति. तिनें घोडी जागेवर ठेवून भोंवतीं धारदार टोकानें अगदीं हलकी रेघ ओढली. येथें जोर दिला तर पातळ तबलीचे तंतू कापले जातात आणि ती पुढें त्याच रेघेवर तडकते. मग पोलादी खरवडणीनें ती जागा तंतूंच्या दिशेनें खरवडावयास आरंभ केला. मुळांत तेल न लागलेल्या लांकडापर्यंत पोंचणें हाच एक उपाय.

पोंचलों हें कसें ओळखावें ? पाण्याचा एक थेंब ठेवून. तेलकट लांकडावर तो अळवाच्या पानावरच्या थेंबासारखा गोल बसून राहतो; कोऱ्या लांकडावर पसरतो व मुरतो. पहिल्या वेळीं थेंब गोल राहिला. टिपून घेतला, वाळूं दिलें, पुन्हा खरवडलें. दुसऱ्या वेळीं मध्यें पसरला, एका कोपऱ्यांत गोलच. माझा हात त्या कोपऱ्यांत जरा सढळ फिरला असावा. तिसऱ्या वेळीं सगळीकडे मुरला. सारें मिळून पाव मिलिमीटरहि गेलें नव्हतें. पण अडीचांतून पाव म्हणजे काय, हें तिला माहीत होतें, म्हणून प्रत्येक फेरीला तिचा श्वास रोखलेला दिसे.

घोडीच्या तळावरची डिंकाची पापडीहि समूळ काढावी लागली, कारण वाळलेल्या पांढऱ्या डिंकावर नवा डिंक धरत नाहीं. घोडी शिसवीची, शिसवीच्या अंगीं स्वतःचेंच थोडें तेल असतें, तेव्हां चिकटविण्याच्या जरा आधीं तिचा तळ ॲसिटोननें पुसला. हें काम खिडक्या उघड्या टाकून, जवळपास विस्तव नसतांना करावें.

सरस कोणता, ह्यावर आमचें बोलणें पुन्हा सुरू झालें. मीं जनावराच्या कातड्याचा जुना सरस सुचविला, आणि ही सूचना मान्य झाली. पांढरा डिंक सोयीचा खरा. परंतु अखंड ओढाखालीं तो किंचित् किंचित् सरकतो. जुना सरस वाळल्यावर तसा सरकत नाहीं, आणि पुढेंमागें सांधा उघडावयाचा झाल्यास ऊब व ओल दिली कीं तो सुटतो. जुन्या व्हायोलिनी पुनः पुनः उघडून दुरुस्त करतां आल्या त्या ह्याच गुणामुळें. सरसाचे दाणे आदल्या रात्रीं थंड पाण्यांत भिजत घातले व दुसऱ्या दिवशीं दुहेरी भांड्यांत सुमारें ६० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापविले. उकळूं मात्र द्यावयाचा नाहीं; उकळल्यास त्याची ताकद जाते. वासाविषयीं न बोललेलें बरें. घरांतील मंडळींनीं त्या दिवशीं बाहेर जेवणें पसंत केलें.

ह्या सरसाचा एक तापटपणा आहे : लावल्यापासून मिनिटभराच्या आंत सांधा दाबला गेला पाहिजे, नाहीं तर तो थिजतो. म्हणून भर दुपारची वेळ निवडली आणि सरसाशिवाय चार वेळां रंगीत तालीम केली. आंतल्या बाजूच्या काड्यांवर भार येऊं नये म्हणून मीं एक खांचा पाडलेला ठोकळा करून दिला. माझ्या हातची तेवढीच एक कृति त्या वाद्यांत उपयोगी पडली. ओल्या सरसावर घोडी सरकूं नये म्हणून तिच्या खांचेंतून दोन बारीक टांचण्या बसविल्या, कारण ती मिलिमीटरभर सरकली तरी सगळे सूर बिघडतात. घोडी केस वाळविण्याच्या यंत्रानें कोमट केली. मग ती म्हणाली, "आजोबा, आता," आणि तबलीच्या भोंकांतून लांब गळ्याचे तीन शिकंजे मीं एकामागून एक तिच्या हातांत दिले. कडेनें सरसाचे मणी सर्वत्र सारखे बाहेर आले. ते तिनें कोमट फडक्यानें टिपले.

शिकंजे पुरा दिवस राहूं दिले. तारा चार दिवसांत थोड्या थोड्या चढविल्या. पहिल्या आठवड्यांत मला रात्रीं झोंप लागली नाहीं. दीड वाजला कीं कान उभे.

आपल्या घरीं अशी गिटार असेल तर एक साधी परीक्षा सांगतों. पातळ कागदाची पट्टी घ्या व घोडीच्या मागच्या कडेखालीं सरकवून पाहा. शिरत नसेल तर ठीक. शिरत असेल तर तारा ताबडतोब सैल करा व वाद्य जाणत्याकडे न्या. आपल्या मनानें फटींत डिंक भरूं नका, कारण तो वरवर बसतो आणि पुढच्या दुरुस्तीची वाट अडवितो.

ह्या वर्षीं नात पुढील शिक्षणासाठीं बंगळूरला गेली. गिटार बरोबर नेली. दर रविवारीं ती कागदाची परीक्षा घेते व मला निरोप धाडते : "कागद शिरत नाही." गेल्या रविवारीं निरोप आला नाहीं. रात्रीं मींच न राहवून तिला विचारलें. ती म्हणाली, "वाजवीत बसलें होतें, आजोबा. विसरलें."